गोगलगाय अन् बटाट्यात पाय

इंग्रज माणसाला राग येत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. ज्यांचा तसा समज असेल त्यांनी सप्टेंबरात इंग्लंडमधल्या एखाद्या अ‍ॅलॉटमेंटवर जाऊन बटाट्याची काढणी बघावी.

अ‍ॅलॉटमेंट म्हणजे घरापुरता भाजीपाला पिकवण्यासाठी नगरपालिकेकडून भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. अशा जमिनी पुरवणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्यच आहे, असं १९०८ च्या कायद्याने ठरवून टाकलं. पारंपरिक तुकडा दहा रॉडचा असतो. म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबात अडीच गुंठे. अडीच गुंठ्यांत आपल्याकडे दोन भावांची घरं, मधली सामाईक भिंत आणि त्या भिंतीवरून वीस वर्षं चाललेला दावा एवढं सगळं आरामात बसतं. इंग्रज तिथे बटाटे लावतो. त्यासाठी कित्येक गावांत तो वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत नाव घालून बसतो आणि नंबर लागला की पहिल्याच हंगामात त्याला कळतं, की या जमिनीवर आपल्याआधी कुणाची तरी कुळवहिवाट लागलेली आहे.

सुरुवात मोठी कौतुकाची असते. फेब्रुवारीत बेणं आणायचं आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, डोळे वर करून, खिडकीशी मांडून ठेवायचं. त्याला जाड, आखूड, हिरवट-जांभळे कोंब फुटले की लावणीची वेळ झाली. गुड फ्रायडेला बटाटे लावायची जुनी रीत आहे. हा सण कधी मार्चात येतो, कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. थंडी आपल्या मर्जीने जाते. तरी रीत ती रीत. मग रोपं वर आली की मातीची भर द्यायची, महिन्याभराने पुन्हा द्यायची. जुलैपर्यंत पांढरी-जांभळी फुलं येतात, पाला कमरेला लागतो आणि शेजारच्या प्लॉटवरचे निवृत्त गृहस्थ कुंपणापाशी येऊन ‘यंदा बरा दिसतोय हं बटाटा’ असं म्हणून जातात. अनुभवी माणूस हे वाक्य ऐकून दचकतो.

कारण पाल्यावरून काहीच कळत नाही. पानांना चार-दोन भोकं पडलेली असतात, एखादा कोवळा कोंब कुरतडलेला असतो. झाड त्यातून सहज सावरतं.

काढणीच्या दिवशी चार दात्यांचा लोखंडी काटा वरंब्याच्या कडेने खुपसून झाड उचकटलं, की मातीत पिवळसर बटाटे चमकतात. एक हातात घ्यावा. वजनाला भरदार. माती चोळली की एका बाजूला पेन्सिल जाईल एवढं एक गोल भोक दिसतं. एवढंच ना, असं म्हणून घरी आणून चिरावा, तर लक्षात येतं की ते भोक नुसतं दार होतं. आत ऐसपैस खोली, तिला लागून दुसरी खोली, भिंती गुळगुळीत घासलेल्या, कोपऱ्यात काळपट चिकट ओल आणि शेवटच्या खोलीत अंग आखडून पडलेला मालक. त्याच्यावर उजेड पडला तरी त्याला फारसं काही वाटत नाही. हळूच दोन शिंगं बाहेर काढून तो अंदाज घेतो आणि पुन्हा आत ओढतो.

हा स्लग, म्हणजे शंख नसलेली गोगलगाय. आपल्या म्हणीने तिचे पाय पोटात आहेत एवढं बरोबर हेरलं, पण दातांचा बंदोबस्त तिच्या नजरेतून सुटला. स्लगच्या जिभेवर अतिसूक्ष्म दातांच्या रांगा असतात, हजारोंच्या संख्येने, आणि झिजल्या की मागून नव्या रांगा पुढे सरकतात. कवळीचा खर्च नाही. शिवाय नर आणि मादी एकाच देहात. त्यामुळे बागेत दोन स्लग भेटले तर अंडी कुणी घालायची हा वाद उद्भवत नाही, दोघेही घालतात.

ब्रिटनमध्ये स्लगच्या ४४ च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या जेमतेम नऊ बागेतली झाडं खातात. बाकीच्या सडका पाला, बुरशी असलं काहीबाही खाऊन जमीन साफ ठेवतात. बिबळ्यासारखे ठिपके असलेला जो वीतभर स्लग बघून पाहुणे किंचाळतात, तो बव्हंशी निरुपद्रवी असतो. बटाट्याचा खरा गुन्हेगार दिसायला अगदी किरकोळ. बारीक, काळपट, पाठीवरून एक फिकट नारिंगी रेघ गेलेली. त्याच्या जातीला बुडापेस्टचं नाव मिळालं आहे. त्याची एक सवय मात्र या सगळ्या कथेचं मूळ आहे: तो बराचसा काळ जमिनीच्या खालीच काढतो. राहणं खाली, खाणं खाली.

आता इंग्रज बागवानाचा बंदोबस्त बघा. सगळा वर.

रोपांभोवती अंड्याची टरफलं चुरून पसरायची, म्हणजे स्लगच्या पोटाला टोचतील. खडे पसरायचे, तेही टोचायला. कुंडीला तांब्याची पट्टी गुंडाळायची, म्हणजे त्याला शॉक बसेल. लोकरीच्या गोळ्या घालायच्या, म्हणजे त्याला खाज सुटेल. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली ही औषधं. बागवानांची शिखर संस्था म्हणजे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी. १८०४ साली स्थापन झालेल्या या संस्थेने अखेर २०१८ मध्ये त्यांची शास्त्रीय परीक्षा घेतली. सरे परगण्यातल्या विस्लीच्या बागेत सॅलडच्या पानांचे लहान-लहान वाफे करून कुणाला तांबं, कुणाला खडी, कुणाला पाइनची साल, कुणाला लोकर, कुणाला टरफलं दिली आणि काही वाफे देवाच्या हवाली सोडले. सहा आठवड्यांनी पाहिलं, तर संरक्षण दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्यांच्या नुकसानीत लक्षणीय फरक नव्हता. स्लग टरफलांवरून स्वतःचाच चिकट गालिचा पसरत निघून गेले होते. हा निकाल जाहीर झाल्यावर टरफलं टाकणं बंद झालं असेल असं ज्याला वाटतं, त्याने आपल्या घरातल्या लिंबू-मिरचीकडे एकदा बघावं.

बिअरचा प्रकार त्यातल्या त्यात खरा. आंबण्याच्या वासावर स्लग लुब्ध असतो, म्हणून जमिनीत वाटी पुरून ती बिअरने अर्धी भरायची आणि सकाळी बुडालेले मोजायचे. वाटीची कड जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर ठेवायची, नाहीतर स्लगना खाणारे जमिनीवरचे भुंगे आत पडतात आणि आपल्या बाजूचेच गडी आधी कामाला येतात. अमेरिकेत ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी तर २०२१ मध्ये दाखवून दिलं, की बिअरचीही गरज नाही. पीठ, पाणी आणि यीस्ट कालवून आंबवलं तरी स्लग आणि गोगलगायी त्यावर धावून येतात. ‘धावून’ हा शब्द अर्थातच सवलतीने घ्यायचा. ही बातमी इंग्लंडच्या बागांमध्ये फारशी आनंदाने घेतली गेली नसावी, कारण पिठाचा उरलेला अर्धा डबा बागवानाला स्वतः संपवता येत नाही.

त्यापलीकडचा मार्ग रात्रपाळीचा. पाऊस पडून गेलेल्या रात्री, पायजम्यावर रेनकोट आणि पायांत गमबूट घालून, डोक्याला टॉर्च बांधून वाकत-वाकत फिरायचं आणि दिसेल तो स्लग उचलून मिठाच्या पाण्यात टाकायचा. मीठ नको वाटतं ते हळव्या मनाचे लोक शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे भिरकावतात. डेव्हनमधल्या रूथ ब्रुक्स नावाच्या आजींना यात एक शंका आली: फेकलेल्या परत येत नसतील कशावरून? त्यांनी गोगलगायींच्या शंखांना नेलपॉलिश लावून खुणा केल्या, त्या दूर नेऊन सोडल्या आणि वाट पाहिली. आल्या की परत. २०१० मध्ये बीबीसीने घेतलेल्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत या प्रयोगाला पहिला नंबर मिळाला. पुढे एक्सेटर विद्यापीठाच्या मदतीने निष्कर्ष असा निघाला, की गोगलगाय खरंच घालवायची असेल तर निदान वीस मीटर लांब नेऊन सोडायला हवी. शेजाऱ्याची बाग तेवढी मोठी असेलच असं नाही. प्रयोग शंखवाल्यांवर होता, कारण नेलपॉलिश लावायला शंख लागतो; पण तो वाचल्यापासून स्लग भिरकावणाऱ्यांचीही झोप उडाली.

विज्ञान एवढ्यावर थांबलं नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिस्टलच्या वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठात ‘स्लगबॉट’ नावाचा यंत्रमानव तयार झाला. लाल उजेडात जमीन न्याहाळायची, कॅमेऱ्याने स्लग ओळखायचा, लांब हाताने अलगद उचलायचा आणि डब्यात टाकायचा. योजना याहून भव्य होती: गोळा झालेले स्लग सडवून त्यांच्यापासून गॅस करायचा, गॅसपासून वीज, आणि त्या विजेवर स्लगबॉटने पुढचे स्लग पकडायला जायचं. शिकार करून स्वतःचं पोट भरणारं यंत्र! मासिकांनी त्याचे फोटो छापले. बाजारात ते काही आलं नाही. आलं असतं तरी जमिनीवर फिरणाऱ्या त्या हाताला बटाट्याच्या आतला स्लग दिसणार कसा, हा प्रश्न होताच. पहारा गच्चीवर आणि चोर तळघरात, असा हा सगळा मामला.

निळ्या गोळ्यांची गोष्ट जरा गंभीर आहे. मेटाल्डिहाइड या पदार्थाच्या वड्या एके काळी सहलीच्या छोट्या शेगडीत इंधन म्हणून जाळत. त्यांनी स्लग मरतात हे १९३० च्या दशकात योगायोगाने कळलं आणि पुढे ऐंशी-एक वर्षं ब्रिटनच्या बागांत आणि शेतांत या गोळ्यांचा सडा पडत राहिला. स्लग मरत, हे खरंच. पण गोळ्या पक्षी आणि साळूसारखे काटेरी हेजहॉग यांच्याही पोटात जात, आणि पावसाबरोबर नदीत उतरलेलं मेटाल्डिहाइड पिण्याच्या पाण्यातून काढता काढता पाणी कंपन्यांच्या नाकी नऊ येत. सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये बंदी जाहीर केली. लगेच प्रकरण कोर्टात. जुलै २०१९ मध्ये बंदी उठली. सप्टेंबर २०२० मध्ये ती पुन्हा जाहीर झाली आणि ३१ मार्च २०२२ नंतर घराबाहेर या गोळ्या वापरणं बेकायदा ठरलं. गंमत म्हणजे त्याच मार्च महिन्यात रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने जाहीर केलं, की यापुढे आम्ही स्लग आणि गोगलगायींना ‘कीड’ म्हणणार नाही. फाशीची शिक्षा रद्द आणि आरोपी निर्दोष, दोन्ही एकाच महिन्यात! स्लगच्या इतिहासात एवढा चांगला महिना दुसरा नसेल.

आता मिळतात त्या लोहयुक्त गोळ्या. त्या खाल्ल्या की स्लगची भूक मरते आणि तो कुठेतरी मातीत जाऊन निवर्ततो. पर्यावरणाच्या दृष्टीने हे उत्तम. बागवानाची मात्र कुचंबणा होते, कारण सकाळी मोजायला काही उरत नाही. खर्च झाला, पुरावा नाही. आणि याही गोळ्या जमिनीवरच टाकायच्या असतात.

तळघरात उतरणारा उपाय एकच निघाला, तो सूत्रकृमींचा. डोळ्यांना न दिसणारे हे धाग्यासारखे कृमी मातीतून पोहत स्लगला गाठतात, पाठीवरच्या कातडीच्या झडपेखालून आत शिरतात आणि बरोबर आणलेले जिवाणू सोडतात. दोन-चार दिवसांत स्लगचं खाणं बंद. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रातल्या अभ्यासातून हे तंत्र पुढे आलं आणि १९९४ पासून त्यांची पाकिटं विकत मिळू लागली. पाकिटात लाखो जीव असतात आणि ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. दह्याशेजारी. हे पाकीट झारीच्या पाण्यात कालवून ओल्या जमिनीवर शिंपायचं. माती पाच अंशांहून गार नको आणि कोरडी तर मुळीच नको. असर सहा आठवडे टिकतो, म्हणून बटाट्यासाठी काढणीच्या आधी सहा-सात आठवडे, कंद धरू लागले की शिंपतात. उपाय चालतो. मात्र पाकिटाची किंमत, झाऱ्यांच्या फेऱ्या आणि निघालेले बटाटे यांचा हिशेब मांडायला बसू नये. घरच्या बटाट्याचा किलोमागे भाव काढला की तो सफरचंदाच्या पुढे जातो, आणि ते बागवानाच्या बायकोला फार आधीपासून ठाऊक असतं.

यातच नियतीने एक खोडी काढून ठेवली आहे. ब्रिटनचा सगळ्यात लाडका बटाटा म्हणजे मॅरिस पायपर. केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेने १९६६ मध्ये तो बाजारात आणला. त्याची ख्याती काय, तर बटाट्याच्या मुळांवर जगणाऱ्या एका सूत्रकृमीला तो दाद देत नाही. सूत्रकृमी हरले, देश चिप्स खाऊ लागला. आणि हाच मॅरिस पायपर स्लगना भारी आवडतो! म्हणजे सूत्रकृमींना पुरून उरलेला बटाटा स्लगपासून वाचवायचा, तर फ्रिजमधून सूत्रकृमी काढून त्याच्याच मुळाशी ओतायचे. जात वेगळी असते एवढाच दिलासा. ज्यांना ही कसरत नको ते पेंटलँड डेल, सांते, केस्ट्रेल, शार्लट असे स्लगच्या जिभेला कमी रुचणारे वाण लावतात. पण वाण कुठलाही असला तरी भिजलेल्या चिकणमातीत स्लगना तो गोड लागू शकतो. मार्च २०२४ पर्यंतचे अठरा महिने इंग्लंडमध्ये १८३६ पासूनच्या नोंदींतले सर्वांत ओले ठरले, आणि त्या वसंतात बागवानांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता.

मराठी वाचकाने या सगळ्याला हसण्याआधी २०२२ चा खरीप आठवावा. लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची नुकती उगवलेली रोपं रातोरात फस्त केली. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. तिथे हा हौसेचा मामला नव्हता, वर्षाच्या पोटाचा होता. कृषी खात्याने सांगितलेल्या उपायांत गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं होती: संध्याकाळी बांधाकडेला टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. इंग्रजाच्या बिअरचं हे निर्व्यसनी भावंड. पण इथे ते लागू पडतं, कारण ही गोगलगाय रोपं खायला जमिनीवर येते. बटाट्यात घर करून बसत नाही. ही मूळची आफ्रिकेकडची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज शंखप्रेमी गृहस्थांनी मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडल्याची नोंद आहे. इंग्रजांनी आपल्याला काय काय दिलं याच्या यादीत रेल्वे आणि टपाल यांच्याखाली हेही लिहायला हरकत नाही.

बटाट्यापुरतं बोलायचं तर तिकडच्या जुन्याजाणत्यांचा सल्ला दोन ओळींचा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. लवकर येणारा वाण लावा आणि जून-जुलैमध्ये खणून मोकळे व्हा. उशिराचा लावलाच असेल तर तो तयार झाल्यावर एक दिवसही जमिनीत ठेवू नका, कारण स्लगची खरी मेजवानी ऑगस्टपासून पुढे चढत जाते. सल्ला सगळ्यांना पाठ असतो. पण ऑगस्टात इंग्रज सुट्टीवर जातो, परत आल्यावर पाऊस असतो, पाऊस थांबला की क्रिकेट असतं, आणि ‘अजून थोडे पोसू देत की’ ही हाव कुठल्याही देशात सारखीच.

मग पोत्यावर बसून निवड सुरू होते. बिनभोकाचे एकीकडे, भोकाचे दुसरीकडे. भोकाचे साठवणीत टिकत नाहीत. ते सडतात आणि शेजाऱ्यांनाही सडवतात. शिवाय आतला भाडेकरू पोत्यात आल्यावर खाणं थांबवतो असंही नाही. म्हणून नियम असा, की भोकाचे आधी खायचे. इंग्लंडमध्ये अ‍ॅलॉटमेंट करणाऱ्या मराठी घरांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. डागाळलेला आंबा आधी कापायचा, हे संस्कार इथूनच गेलेले असतात. सुरीच्या टोकाने बोगदे कोरून काढायचे, उरलेल्या वेड्यावाकड्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकायच्या, आणि आत कुणी राहिलं असेल तर त्याला बाहेर यायला पाच मिनिटं द्यायची. त्या फोडींची काचऱ्यांची भाजी होत नाही, कारण चकत्यांना मध्येच खिडक्या पडतात. वड्याचं सारण मात्र झकास होतं, उकडून कुस्करल्यावर कुणाच्या खानदानाची चौकशी करतो? ऑक्टोबरभर असे वडे होतात, नोव्हेंबरात आलू पराठे, आणि घरातली मुलं शाळेच्या जेवणाची स्तुती करू लागतात. भोकाचे संपून चांगल्या बटाट्यांच्या पोत्याला हात लागतो तेव्हा फेब्रुवारी उजाडलेला असतो. त्या पोत्यातले निम्मे तोवर सुरकुतलेले असतात आणि बाकीच्यांना आपणहून कोंब फुटलेले असतात.